आखाड्यावरची विजेची पेटी

मृग नक्षत्र जवळ आलें कीं परभणीकडील शेतकऱ्याच्या घरीं एक ठराविक धांदल उडते. कडब्याच्या गंजीवर आच्छादन घालावयाचें असतें, गोवऱ्यांची उडवी लिंपून घ्यावयाची असते, पत्र्यावर दगड ठेवावयाचे असतात, बियाण्याचीं पोतीं जमिनीवरून उचलून फळ्यांवर रचावयाचीं असतात. या साऱ्या यादींत एक वस्तु सहसा नसते. आखाड्याच्या भिंतीवर लटकणारी विजेची पेटी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तिची आठवण होते ती पहिल्या वळवाच्या रात्रीं, दिवा गेल्यावर, अंधारांत ओल्या हातानें तिचें दार चांचपतांना. बहुतेक घरीं ती रात्र निभावून जाते. ज्या घरीं ती निभावत नाहीं, त्या घरीं पेटी घेतांना किती पैसे वांचविले होते हा हिशेब पुन्हा कोणी काढीत नाहीं.

आखाडा हा शब्द या भागाचा खास आहे. शेतांत बांधलेली खोली, तिला लागून गोठा, कडब्याची जागा आणि जवळच विहिरीवरचा पंप, या सर्वांस मिळून परभणी, हिंगोली, नांदेडकडे आखाडा म्हणतात. कुस्तीच्या आखाड्याशीं त्याचा संबंध जोडून पुण्या-मुंबईचा पाहुणा हमखास फसतो. राहतें घर गांवांत असतें. आखाडा हा त्या घराचाच शेतांतला हात. गांवांतही परसांतील गोठा, न्हाणी, सरपणाची खोली अशीं बांधकामें असतात, घराचीं पण घराला लागून नसलेलीं. तेथवर वीज नेली कीं एक पेटी लागते. मुख्य तार जींत शिरते आणि जेथून दिव्याला, पंख्याला, कडबाकुट्टीच्या यंत्राला निरनिराळ्या शाखा फुटतात, ती ही पेटी. वायरमन तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून डी. बी. म्हणतो. खेड्यांत डी. पी. म्हणजे मात्र खांबांवर बसविलेलें रोहित्र. या एका अक्षराच्या फरकानें दुकानांत जे विनोद घडतात ते सोडून देऊं. मुख्य विषय आहे तो या पेटीच्या पूर्वेतिहासाचा.

पाऊस, वारा व ओल यांपासून जिन्नस राखण्याची विद्या या मुलखाला नवी नाहीं. माळवदाच्या घरांतील जाड मातीच्या भिंतींत केलेली देवळी ही दिव्याची पहिली पेटीच होय. वाऱ्याची झुळूक ज्योतीस लागूं नये, परंतु काजळी व उष्णता यांस वाट मिळावी, अशी तिची रचना. ज्वारीचें पेव हें त्याच विद्येचें दुसरें रूप. जमिनींत खोदलेल्या त्या कोठारास तळाशीं व कडेनें कडब्याचें अस्तर देत आणि तोंड मातीनें बंद करीत. उघडतांना मात्र आंत कोंडलेली हवा निघून गेल्यावांचून माणूस खालीं उतरत नसे. दिव्याला वारा नको पण हवा हवी. धान्याला ओल नको, पण कोंडमारा त्याला सोसतो. ज्या वस्तूचें रक्षण करावयाचें तिचा स्वभाव आणि ज्यापासून करावयाचें त्या ऋतूचा स्वभाव, हे दोन्ही पाहून आडोसा करावयाचा, हें त्या पिढ्यांस अवगत होतें. विजेची पेटी आली तेव्हां नेमकें हेंच विसरलें गेलें. आणि त्याचें कारण असें कीं ती पेटी या हवेंत जन्मली नव्हती.

वीज स्वतःच या जिल्ह्यांत फार उशिरां आली. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे १८८२ सालीं लागले. विजेविषयींचा हिंदुस्थानचा एक कायदा १९०३ चा. त्याची जागा १९१० च्या कायद्यानें घेतली आणि तो पुढें २००३ पर्यंत चालला. १९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. परभणी त्या वेळीं निजामच्या राज्यांत होती. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी आगगाडी विसाव्या शतकाच्या आरंभींच जिल्ह्यांतून धांवूं लागली होती, आणि राजधानींत हुसेनसागराच्या कांठीं १९२० च्या सुमारास वीजकेंद्रही उभें राहिलें होतें. परंतु गोदावरीच्या या कांठावरील खेडीं कंदिलावरच होतीं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यास जोडला गेला, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य आणि त्याच वर्षीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वांत आलें. खेड्याच्या दृष्टीनें विजेचा इतिहास खऱ्या अर्थानें येथून सुरू होतो. जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीवर येलदरीचें धरण झालें. त्याच्या पायथ्याशीं साडेसात मेगावॅटचीं तीन, मिळून साडेबावीस मेगावॅटचीं यंत्रें १९६८ च्या सुमारास फिरूं लागलीं. शेजारच्या बीड जिल्ह्यांत परळीचें औष्णिक केंद्र १९७१ सालीं चालूं झालें. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झालें व त्याच्या डाव्या कालव्याचें पाणी पाथरी, मानवत, परभणी या बाजूंच्या रानांत खेळूं लागलें. कालवा आला कीं जवळच्या विहिरींस पाणी लागतें, विहिरीस पाणी लागलें कीं पंप येतो, आणि पंपामागोमाग पेटी येते.

त्या वेळीं बाजारांत जी पेटी मिळे तिचे पूर्वज दोन. पहिला पूर्वज म्हणजे सागवानी फळी. तिच्यावर चिनी मातीचे फ्यूज, शेजारीं मीटर आणि पितळी टोपीचे खटके अशी ती मांडणी असे. ती ढाळजेंत किंवा माजघरांत, छताखालीं व मोठ्या माणसांच्या नजरेखालीं राहावी या समजुतीनेंच आंखलेली होती. एडिसननें वितळणाऱ्या तारेच्या फ्यूजचें पेटंट १८९० सालीं घेतलें. वायरमन ज्याला आजही किटकॅट म्हणतात तो चिनी मातीचा फ्यूज त्याच कुळांतला. भार फाजील झाला कीं बारीक तार वितळावी आणि पुढील तारांस आग लागूं नये, एवढेंच त्याचें काम. माणसाचें रक्षण हें त्याचें काम कधींच नव्हतें. मानवी शरीरांतून ३० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह कांहीं क्षण वाहिला तर प्राणावर बेतूं शकतें. १५ अँपिअरचा फ्यूज त्याच्या पांचशें पट प्रवाहही निमूटपणें वाहूं देतो. हें अंतर समजलें म्हणजे पुढील सारी हकिगत समजते.

सागवानी फळी आखाड्यावर फार दिवस टिकली नाहीं. एका पावसाळ्यांत ती फुगे, पुढच्या उन्हाळ्यांत चिरे, आणि चिरेंत उतरलेल्या ओलीनें लांकडाचाच कोळसा होऊं लागे. मग दुसरा पूर्वज पुढें आला. तो म्हणजे लोखंडी कवचाचा मेन स्विच, ज्याला आजही आयर्नक्लॅड म्हणतात. हें रूप विलायतेंतील खाणी व कारखाने यांच्यासाठीं बनलेलें. दांडा वर असतां झांकण उघडूं नये, उघडावयाचें तर आधीं प्रवाह तोडावा लागावा, अशी त्यांत सोय असे. दणकट, धक्क्यास न जुमानणारी, आंत ठिणगी उडाली तरी बाहेर आग लागूं न देणारी अशी ती पेटी खरोखर चांगली होती. पण कारखान्याच्या छपराखालीं. आखाड्याच्या उघड्या भिंतीवर तिचे गुण एकेक करून गळूं लागले. बिजागरी गंजली कीं दार अर्धवट लागे. दांड्याची अडकण मोडली कीं ती दुरुस्त करण्याऐवजीं काढूनच टाकली जाई. फ्यूजची तार वारंवार जळते म्हणून कोणी शहाणा तिच्या जागीं ॲल्युमिनियमच्या जाड तारेचा तुकडा पिळून बसवी आणि "आतां जळत नाहीं" म्हणून समाधान मानी. ती जळत नसे हें खरें. तिच्याऐवजीं पुढें दुसरें कांहीं जळे. सर्वांत मोठा दोष मात्र दिसणारा नव्हता. आंतील तारेचें रबर कुजून तांबें उघडें पडलें आणि तें लोखंडास टेकलें, तर ज्या कवचानें माणसास विजेपासून राखावयाचें तें कवचच वीज होऊन बसे.

यावरचा उपाय म्हणजे भूसंपर्क, ज्याला सर्वत्र अर्थिंग म्हणतात. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत धातूचें कवच जमिनीशीं जोडण्याची सक्ती होती, आणि एका जागीं बसविलेल्या मोटारीच्या सांगाड्यास तर दोन स्वतंत्र जोडण्या सांगितल्या होत्या. नियम उत्तमच होता, परंतु नियमानें जमीन बदलत नाहीं. परभणीची काळी माती ही मोठी लहरी आहे. ओली असतां ती फुगते आणि लोखंडाच्या कांबीस घट्ट कवटाळते. सुकतां सुकतां आकसते आणि चैत्र-वैशाखांत तिला अशा भेगा पडतात कीं काठी सबंध आंत जावी. भूसंपर्काच्या कांबीभोंवतींची माती त्याच वेळीं कांबीला सोडून मागें सरते. पुढें पहिला पाऊस येतो. वरची चार बोटें माती चिंब होते, माणसाचे अनवाणी पाय त्या चिखलांत असतात, खालीं कांब मात्र अजून कोरड्या मातींत उभी असते. जमिनीची ओल माणसाच्या पायापर्यंत पोंचते पण कांबीपर्यंत पोंचत नाहीं, असे हे थोडे दिवस. भर श्रावणांत जो दोष सहज पचून जातो, तो रोहिणीच्या किंवा मृगाच्या पहिल्या सरींत जीव घेऊं शकतो तो यामुळें. कोळसा व मीठ घालून केलेला खड्डा, आणि उन्हाळ्यांत त्यांत दर आठवड्यास ओतलेलें दोन घागरी पाणी, हा जुन्या वायरमनांचा उपाय हास्यास्पद नव्हता. पाणीटंचाईच्या दिवसांत तो कोणी पाळीत नसे, एवढेंच.

या धोक्याची सूचना पुष्कळदां माणसाआधीं जनावरास मिळे. पत्र्याच्या गोठ्यास पेटी खिळली आणि पेटींत दोष निर्माण झाला म्हणजे सबंध गोठाच भारला जातो. चार पायांवर उभ्या जनावराच्या पुढील व मागील खुरांत अंतर मोठें, त्यामुळें ओल्या जमिनींतून पसरणारा प्रवाह त्याच्या अंगांतून जास्त वाहतो. म्हैस एकाएकीं गोठ्यांत शिरेनाशी झाली, बैल दावणीजवळ बिचकूं लागला, तर तें बाहेरची बाधा नसून भिंतीवरील पेटी असूं शकते. दृष्ट काढण्यापूर्वीं मेन स्विच खालीं ओढला असता तर कित्येक बैलजोड्या वांचल्या असत्या.

आणखी एक गोष्ट या पेटीच्या इतिहासांत टाळतां येत नाहीं, ती म्हणजे रात्रीची वीज. विजेचा तुटवडा वाटून घेण्यासाठीं कृषिपंपांस कांहीं दिवस दिवसा आठ तास आणि कांहीं दिवस रात्रीं दहा तास असा पुरवठा आळीपाळीनें देण्याची पद्धत राज्यांत पुष्कळ वर्षें चालत आली. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर ऊर्जेची मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २०१७ सालीं निघाली ती याच गाऱ्हाण्यापायीं. दहा-बारा वाजतां लाईन येणार म्हणून माणूस आखाड्यावर निजतो, पाणी फुटलें म्हणून चिखलांतून धांवतो, दारें बदलून तसाच ओल्या हातानें पेटीशीं येतो. कारखान्याच्या पेटीस हात लावणारा मनुष्य बूट घालून कोरड्या फरशीवर, उजेडांत उभा असतो. आखाड्यावरील पेटीचा मालक अनवाणी, ओला, अर्धवट झोंपेंत आणि अंधारांत असतो. दोघांस एकच पेटी पुरेल असें मानणें ही त्या काळची खरी चूक. वीज येतांच आपोआप पंप चालूं करणारा ऑटो आला तेव्हां तो आळशीपणाचा म्हणून चेष्टेचा विषय झाला. परंतु रात्रींच्या कित्येक फेऱ्या त्यानें वांचविल्या हेंही मान्य केलें पाहिजे. दुसऱ्या बाजूनें, वीज नाहीं म्हणून निर्धास्तपणें पंपाशीं हात घालणाऱ्यास त्याच ऑटोनें दगाही दिला आहे.

फ्यूजच्या जागीं आलेला आपोआप पडणारा खटका, ज्याला आतां लहान मूलही एम. सी. बी. म्हणतें, तो जर्मनींत मॅनहाइम येथील ह्यूगो स्टोट्झ यांच्या कारखान्यांत १९२४ सालीं तयार झाला. मराठवाड्यांतील आखाड्यांवर पोंचण्यास त्याला पन्नासांहून अधिक वर्षें लागलीं. जाड तार पिळून बसविण्याची सोय त्यांत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्यालाही हवामान लागतें. घरगुती खटके ३० अंश सेल्सिअस तपमान गृहीत धरून आंखलेले असतात. परभणीच्या मे महिन्यांत सावलींतच पारा ४२-४३ अंशांवर जातो. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हांत तापणाऱ्या लोखंडी पेटीच्या आंतील उष्मा तर विचारावयासच नको. मग भार तेवढाच असतांना खटका दुपारीं पडूं लागतो. घरधनी चिडतो, दुकानांतून मोठ्या आंकड्याचा खटका आणून बसवितो, आणि तार मात्र जुनीच, बारीकच राहते. अशा प्रकारें जाड तारेच्या तुकड्याची जुनी चूक नव्या वेषांत परत येते. तिच्यावरील खरा उपाय खटका मोठा करणें हा नसून पेटी उत्तरेच्या भिंतीवर, वळचणीच्या सावलींत नेणें हा आहे. पेटीचा रंग फिकट असावा हेंही त्याच कारणानें.

पेटी पावसापाण्यास किती दाद देते हें आंकड्यांत सांगण्याची रीत याच सुमारास रूढ झाली. भारतीय मानक संस्थेनें अशा कवचांच्या रक्षणाच्या पायऱ्या ठरविणारें मानक १९६२ सालींच काढलें होतें. आंतरराष्ट्रीय मानक १९७६ सालीं निघालें, १९८९ सालीं सुधारलें, आणि आज पेटीवर आय. पी. ही अक्षरें व पुढें दोन आंकडे दिसतात ते त्याचेच. पहिला आंकडा घन वस्तूंचा, म्हणजे बोट, तार, धूळ यांचा. तो शून्यापासून सहापर्यंत जातो. पांच म्हणजे धूळ शिरली तरी कामांत विघ्न आणण्याइतकी नाहीं, सहा म्हणजे मुळींच नाहीं. दुसरा आंकडा पाण्याचा. चार म्हणजे कोणत्याही दिशेनें उडालेलें पाणी सोसणारी. पांच म्हणजे मिनिटास साडेबारा लिटर पाण्याची धार अडीच-तीन मीटरांवरून सर्व बाजूंनीं मारली तरी निभावणारी. सहा म्हणजे मिनिटास शंभर लिटरची जाड धार. सात म्हणजे मीटरभर पाण्यांत अर्धा तास बुडविली तरी चालणारी. मागील खोलींत, छताखालीं असलेल्या पेटीस ५४ पुरे होतात. बाहेरच्या भिंतीवर, वळवाच्या तिरप्या माऱ्यांत व कडबाकुट्टीच्या भुशांत राहणारीस ६५ असणें इष्ट.

तथापि या आंकड्यांवर फाजील श्रद्धा ठेवूं नये. परीक्षा झाली ती कारखान्यांतील नव्या, न टोंचलेल्या पेटीची, स्वच्छ पाण्यानें आणि थोड्या मिनिटांत. उन्हानें ती दहा वर्षांत कशी होईल, रबराची किनार केव्हां कडक होईल, रात्रीं आंत दंव धरेल कीं नाहीं, हें तो आंकडा सांगत नाहीं. परभणीचा हिवाळा तर याबाबतींत फसवा. दुपारीं ऊन्ह चांगलें तापतें आणि पहांटे पारा एका आंकड्यांत उतरतो. घट्ट मिटलेल्या पेटींतील ओलसर हवा पहांटे पत्र्यावर घाम होऊन साचते. म्हणजे पाऊस नसतां पेटी आंतून भिजते. पेव उघडतांना कोंडलेली हवा आधीं जाऊं देणाऱ्या म्हाताऱ्यांस ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती. यासाठीं तळाशीं पाणी गळण्याची व हवा खेळण्याची बारीक, जाळीची बोंडी बसवितात. जाळी नसेल तर त्या भोंकांत कुंभारीण माशी मातीचें घर बांधते आणि वाट बंद करते.

आणि मग पेटीस भोंकें पाडली जातात. आजवर जितक्या पेट्या पावसानें बिघडविल्या त्यांहून अधिक त्या भोंकें पाडणाऱ्या हातांनीं बिघडविल्या असतील. तार खांबावरून वरून येते, म्हणून झिरो वायरमन पेटीच्या डोक्यावरच भोंक पाडतो आणि तार सरळ आंत सोडतो. पाणी त्या तारेचा हात धरून थेट खटक्यावर उतरतें. पेटीवर ६५ लिहिलेलें असो वा ६६. तार नेहमीं तळांतून घ्यावी, आंत शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोका द्यावा म्हणजे थेंब झोक्याच्या तळाशीं गळून पडतो, आणि भोंकांत ग्लँड नांवाची आट्यांची रबरी बैठक घट्ट आवळावी. जास्तीचें भोंक उघडें राहिलें तर त्यांतून प्रथम मुंग्या शिरतात, मुंग्यांमागें पाल येते, आणि दोन तारांमध्यें पाल आडवी पडली म्हणजे काय होतें हें खेड्यांतील प्रत्येक वायरमन जाणतो. ग्लँडची किंमत चहाच्या दोन कपांहून फारशी अधिक नसते. तरी ती वांचविण्यांत लोकांस एक प्रकारचा पुरुषार्थ वाटतो.

पेटी कशाची असावी हा वाद आतां जवळजवळ मिटत आला आहे. लोखंडी पत्र्याची, भट्टींत रंग भाजलेली पेटी भक्कम आणि स्वस्त. परंतु एक ओरखडा पडला कीं तेथून गंज सुरू, आणि तिचें अंग धातूचें असल्यानें भूसंपर्काची काळजी जन्माची. पॉलिकार्बोनेट हें कणखर प्लास्टिक १९५३ सालीं जर्मनी व अमेरिका या दोन देशांत जवळजवळ एकाच वेळीं सांपडलें. त्याची, किंवा काचतंतूच्या फायबरची पेटी गंजत नाहीं, आणि आंत दोष झाला तरी तिचें अंग भारलें जात नाहीं. अंधारांत ओला हात ज्या वस्तूवर प्रथम पडतो ती वस्तु वीज वाहून न नेणारी असावी, यापरता मोठा गुण आखाड्याच्या पेटींत दुसरा नाहीं. मात्र साधें प्लास्टिक आपल्या उन्हांत पिवळें पडून ठिसूळ होतें. म्हणून ऊन सोसण्यासाठीं सिद्ध केलेलें आहे असें लिहून दिलेलेंच घ्यावें. आणि पेटी प्लास्टिकची झाली म्हणून पंपाचा, कडबाकुट्टीचा भूसंपर्क सुटला असें कोणी समजूं नये. त्यांचीं अंगें लोखंडाचींच आहेत.

फ्यूज आणि माणूस यांमधील जें पांचशें पटींचें अंतर वर सांगितलें, तें भरून काढणारें यंत्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत पुढें आलें. ऑस्ट्रियांतील गॉटफ्रीड बीगेलमायर यांचें नांव त्याच्याशीं निगडित आहे. गेलेला आणि परत आलेला प्रवाह तें सतत तोलीत असतें. त्यांत ३० मिलिअँपिअरची तूट दिसली, म्हणजे प्रवाह कोठें तरी, कदाचित् माणसाच्या अंगांतून, जमिनींत गळतो आहे असें समजून क्षणाच्या अंशांत वीज तोडतें. नियमांनीं तें ठराविक भाराच्या वरील जोडण्यांस सक्तीचें केलें आहे. लहान गोठ्याच्या दोन दिव्यांस व एका पंख्यास तें लावण्याची सक्ती नसेलही. पण अनवाणी पाय तेथेंच अधिक असतात. पावसाळी पेटींत हें यंत्र वारंवार पडूं लागलें तर लोक त्याला दोष देऊन काढून टाकतात. वस्तुतः तें आपलें काम करीत असतें. पेटींत ओल शिरली आहे ही बातमी तें देत असतें. त्यावर तपासणीचें एक बटन असतें. तें महिन्यांतून एकदां दाबावें, निदान अमावास्या-पौर्णिमेच्या आठवणीनें तरी.

उंचीविषयीं जुन्या पेट्यांचें एक शहाणपण घेण्यासारखें आहे. त्या छातीच्या उंचीवर असत, कारण दांडा ओढावयास जोर लागे. आतां जोर लागत नाहीं म्हणून पेटी खालीं खालीं उतरूं लागली आहे. सप्टेंबर २०२४ च्या आरंभीं मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली तेव्हां नदी-नाल्यांकांठच्या रानांत पाणी शिरलें. अशा वेळीं ६५ आंकड्याची पेटी, जी धारेस भीत नाहीं, ती बुडाल्यावर कांहींच करूं शकत नाहीं. आजोबांनीं पाहिलेल्या पुराची खूण भिंतीवर असेल तर पेटी तिच्या हातभर वर, पण लेंकरांच्या हातीं न लागणारी आणि मोठ्यांस स्टुलाशिवाय पोंचणारी असावी. आणि घरांतून आखाड्याची संपूर्ण वीज तोडतां येईल असा एक खटका कोरड्या जागीं, घरीं, वेगळा असावा.

जुन्या लोखंडी पेट्या अगदींच नाहींशा झाल्या असें मात्र नाहीं. कित्येक आखाड्यांवर नवी पेटी आली तरी शेजारीं जुनी तशीच राहिली आहे. आंतील चिनी माती काढून टाकून तिच्यांत खिळे, सुतळी, पंपाचीं वायसरें आणि जनावरांच्या औषधाच्या बाटल्या ठेवतात. दार अजून पूर्वीसारखेंच करकरतें. पाणी आंत येतेंच, म्हणून औषधाच्या चिठ्ठ्या तेवढ्या वरच्या अंगास खोंचून ठेवलेल्या असतात.